रिव्हॅम्पमधली ही ‘व्हॅम्प’ कोण? आणि कोटेशनात तिचे एवढे पैसे का?

पारोळ्याचा_पाहुणा

राम राम मंडळी. प्रश्न शब्दाचा आहे पण मागे पैशाचं प्रकरण आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर शेवटच्या दोन ओळी वाचा.

पारोळा तालुक्यात आमचं आजोबांच्या वेळचं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर आहे. सागाचे खांब, वर सरे म्हणजे आडवी लाकडं, त्यावर किलचन म्हणजे बारीक लाकडं, त्यावर कडुलिंबाचा पाला आणि मग खारी माती. वडील होते तोवर दरसाल मृगाच्या आधी धाब्यावर नवी खारी पडायची, ते जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून कोणी वर चढलंच नाही, मी जळगावला, धाकटा पुण्याला, आई एकटी तिथं. गेल्या पावसाळ्यात नेमकं देवघराच्या डोक्यावर गळायला लागलं. आणि यंदा कानबाईचा रोट (श्रावणातला आमचा कुळाचा सण) आमच्याकडे आहे, म्हणजे अख्खी भाऊबंदकी जेवायला येणार, तर आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की काम काढायचं असं ठरलं.

ओळखीच्या एका ठेकेदाराकडून कोटेशन घेतलं. एक पान. त्यात तीन ओळी. रिपेअर १ लाख ९० हजार, रिनोव्हेशन साडेचार लाख, कम्प्लीट रिव्हॅम्प ८ लाख २० हजार. खाली ठळक अक्षरात ॲडव्हान्स ४० टक्के. कशात काय येतं ते कुठंच नाही. धाकटा म्हणतो रिव्हॅम्प म्हणजे सगळं पाडून नवीन, बायको म्हणते नाही, रिव्हॅम्प म्हणजे फक्त इंटिरियर, तिच्या ऑफिसात वेबसाइट रिव्हॅम्प केली तेव्हा रंग आणि फोटो बदलले होते फक्त. आणि आई शेजारी बसून ऐकत होती ती म्हणाली, “हाई व्हॅम्प म्हंजे ती सिनेमामानी बाई का रे? हेलन?”

हसलो सगळे, पण खरं सांगू का उत्तर मलाही देता आलं नाही. तर विचारायचं हे की रिव्हॅम्प या शब्दाचा मूळ अर्थ काय, आला कुठून, आणि रिनोव्हेशनपेक्षा तो जवळजवळ पावणेचार लाखांनी जास्त का?

मेहरूणची_बोरं

काकू बरोबर आहेत भाऊ. व्हॅम्प हा व्हॅम्पायरचा शॉर्टफॉर्म आहे, रक्त पिणारा. रि म्हणजे पुन्हा. रिव्हॅम्प म्हणजे पुन्हा रक्त पिणे. ८ लाख २० हजार बघता अर्थ तंतोतंत जुळतो 😄

सीरियसली, मी पण हेच वाचलंय कुठेतरी की जुन्या गोष्टीत नवं रक्त भरणं म्हणजे रिव्हॅम्प.

शब्दांची_पोतडी

मेहरूण, ‘नवं रक्त’ वगैरे ऐकायला छान आहे पण तसं नाही बाळा. मी अमळनेरला बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आता रिटायर आहे, त्यामुळे वेळच वेळ आहे आणि हा शब्द माझा लाडका आहे, तेव्हा लांबण लागली तर चालवून घ्या.

इंग्रजीत व्हॅम्प दोन आहेत आणि त्यांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. सिनेमातली व्हॅम्प ही खरंच व्हॅम्पायरचं तोडलेलं रूप. व्हॅम्पायर हा शब्द पूर्व युरोपातून फिरत फिरत १७३० च्या दशकात इंग्रजीत आला, आणि पुरुषांना नादी लावून उद्ध्वस्त करणारी बाई हा त्याचा अर्थ मूकपटांच्या काळात रुळला, अमेरिकेत १९१५ च्या सुमारास थिडा बारा नावाची नटी असल्या भूमिकांनीच गाजली. हेलन, बिंदू त्या घराण्यातल्या. तुमच्या आईंची व्हॅम्प ती.

कोटेशनातली दुसरी. ती खूप जुनी आहे, सात-आठशे वर्षांची तरी, आणि ती आहे पायात. जुन्या फ्रेंचमध्ये अव्हाँ म्हणजे पुढे आणि पिए म्हणजे पाय. अव्हाँपिए म्हणजे पायाचा पुढचा भाग झाकणारा मोज्याचा तुकडा. इंग्रजांच्या तोंडात तो शब्द झिजत झिजत नुसता व्हॅम्प उरला. मोज्यावरून तो बुटावर गेला, बोटांच्या मागं पायाच्या वरच्या अंगाला जे चामडं असतं तो व्हॅम्प. बूट पुढून फाटला की मोची तेवढं चामडं काढून नवं शिवायचा, ते व्हॅम्प करणं. त्यावरून सतराव्या-अठराव्या शतकात व्हॅम्प अप करणं म्हणजे जुनंच काहीतरी ठिगळं लावून नव्यासारखं दाखवणं, हा अर्थ आला आणि त्यात कौतुक अजिबात नव्हतं, टोमणाच होता. पेटीवर गाणाऱ्यामागे तात्पुरती साथ लावून धरतात त्यालाही इंग्रजीत व्हॅम्प करणं म्हणतात, तेही याच ठिगळ लावण्यातून. मग १८०० च्या आसपास पुढे ‘रि’ लागला. आणि आज तोच शब्द आठ लाखांच्या ओळीत जाऊन बसलाय.

आता गंमत बघा. त्या अव्हाँपिएमधला जो पिए आहे ना, तो लॅटिन पेस-पेदिसमधून आला, आणि तो आपल्या संस्कृत पादाचा सख्खा भाऊ, म्हणजे आपला पाय. सायकलचं पेडल पण त्याच कुळातलं. पायजमा मात्र इंग्रजीत आपल्याकडून गेला, त्यातला पाय फारसी, पण मूळ पुन्हा तेच. आणि अव्हाँ म्हणजे पुढे, त्यातूनच फ्रेंचमध्ये पुढे सरकण्याचं क्रियापद झालं आणि ते इंग्रजीत आलं ॲडव्हान्स म्हणून (मधला ड इंग्रजी पंडितांनी चुकून घुसवला, त्यांना वाटलं की हे लॅटिन ‘ॲड’वरून आलंय, तो आजतागायत तिथंच आहे). म्हणजे पाहुणे, तुमच्या कोटेशनात रिव्हॅम्प आणि ॲडव्हान्स ४० टक्के हे दोघं एकाच घरचे आहेत. ठेकेदाराला माहीत नसणार पण एका पानावर आणून बसवलेत त्याने.

मेहरूणची_बोरं

ॲडव्हान्समधला ड चुकून घुसलाय 😂 ताई हे आमच्या बँकेत सांगायला पाहिजे. बरं माझं रक्ताचं मागे घेतो.

रापी_आरी

पोतडी ताईंनी सांगितलं ते सगळं बरोबर, पण चपला-बुटांच्या बाजूनं मी थोडं सांगतो कारण आमचं घरचंच काम. चाळीसगावला स्टेशनकडे वडलांचं दुकान होतं, आता मी रेडिमेड ठेवतो पण रिपेरिंग बंद केलं नाही.

फॅक्टरीत बुटाच्या वरच्या भागाचे तुकडे पाडतात त्यात व्हॅम्प हे नाव आजही चालतं, पुढचा व्हॅम्प, मागचे दोन क्वार्टर, नाकावर टो-कॅप. आपल्याकडे बाजारात कोणी एवढं म्हणत नाही, सोल सोडून वरचं सगळं ते अप्पर. पण वडील फर्म्यावर बूट चढवून पुढचं चामडं बदलायचे ते मी लहानपणी भरपूर पाहिलंय. बूट पुढूनच का फाटतो ते सांगतो, चालताना पाय बोटांच्या मुळाशी मोडतो, तिथं चामड्याला घडी पडते, पडते, पडते, आणि एक दिवस तडकते. टाच बिचारी दहा वर्षं तशीच. त्यात रेल्वेवाले गडी, दिवसभर खडीवर चालणार, तळ झिजला की अर्धा सोल मारून घ्यायचे आणि पुढून उसवला की हे पुढचं काम. वडील आधी रापीनं जुने टाके कापायचे, चामडं अख्खं निघायचं, ते निघालेलं चामडंच नव्या चामड्यावर ठेवून माप घ्यायचे. पानभर पेपरवर मापं लिहून ठेवलेली मी कधी पाहिली नाही. मग आरीनं जुन्याच भोकांत नवे टाके. नवीन भोकं पाडली तर तळाचं चामडं कमजोर होतं म्हणायचे.

तर माझा मुद्दा. व्हॅम्प बदलायचा तेव्हा तळ जुना, टाच जुनी, माप जुनं. ज्या पायाचा बूट त्याच पायाचा राहतो. सगळं बदललं तर तो नवीन बूट झाला, त्याला रिव्हॅम्प कसं म्हणायचं? तुमचा ठेकेदार सगळ्यात जास्त तोडफोडीला तो शब्द वापरतोय, मूळ कामात तर सगळ्यात कमी बदलायचे.

पारोळ्याचा_पाहुणा

वा. ताई, दादा, दोघांचे आभार. आईला वाचून दाखवलं, तिला टाच दहा वर्षं तशीच हे फार आवडलं, म्हणे बायकांसारखं.

पण दादा म्हणतात तसं मूळ अर्थानं बघितलं तर माझ्या घराचा व्हॅम्प कोणता? ओटा? की धाबं? वर आहे म्हणून धाबं धरायचं तर तेच तर बदलायचं की नाही यावर भांडण चालू आहे घरात.

अडाणी_इंजिनिअर

सिव्हिलवाला आहे, धुळ्यात साइट असतात. शब्दांची मजा वाचली, पण पाहुणे तुम्ही फसाल म्हणून लिहितोय.

या शब्दांवर पैसे ठरवू नका. रिव्हॅम्प नावाचं काम कुठल्या दरसूचीत नसतं, तो मार्केटिंगचा शब्द आहे, ज्याला जे वाटेल ते त्यात बसवतो. आम्ही आपसात बोलतो तेव्हा साधारण असं धरतो की रिपेअर म्हणजे बिघडलं तेवढं नीट करणं, रिनोव्हेशन म्हणजे सांगाडा तोच ठेवून बाकी नवं करणं. एक रेट्रोफिट म्हणून असतं, ते वेगळं, बांधताना जे नव्हतंच ते नंतर बसवणं, समजा जुन्या बिल्डिंगच्या कॉलमला बाहेरून जॅकेट घालून भूकंपासाठी मजबूत केलं तर ते. हा तुलनेनं नवा शब्द आहे, गेल्या शतकात अमेरिकेत दोन शब्द जोडून केलेला. पण हे सगळं बोलण्यापुरतं. कोटेशनात आयटम पाहिजेत. किती ब्रास, किती चौरस फूट, कुठलं सिमेंट, लाकूड बदलणार तर किती आणि कुठलं, मलबा कोण उचलणार. मलब्याचं लिहिलं नसेल तर तो तुम्हीच उचलाल हे धरून चाला.

आणि आता धाब्याचं. आठ लाखांत तो बहुतेक धाबं काढून स्लॅब टाकणार. तुमच्या भिंती मातीच्या असतील, म्हणजे असणारच, तर त्यावर थेट स्लॅब टाकायचा विचार पण करू नका, कॉलम-बीमचा सांगाडा वेगळा उभा करावा लागतो आणि मग सव्वाआठ लाखांत ते बसणार नाही, मधेच एक्स्ट्रा निघेल. दुसरं, मातीच्या भिंतीला आतबाहेर सिमेंट प्लास्टर करू नका. सगळे करतात. दोन-तीन वर्षं चकाचक दिसतं, मग ओल आत अडकते, भिंतीला श्वास घ्यायला जागा नाही राहत, माती आतून भुसभुशीत होते आणि प्लास्टर पापुद्र्यासारखं सुटतं, सुटताना माती घेऊन सुटतं. मातीला मातीचाच गिलावा नाहीतर चुना.

तिसरं म्हणजे मे महिन्यात ४५ डिग्रीला स्लॅबखाली झोपून बघा एकदा, आणि मग धाब्याखाली झोपा. मला जास्त बोलायची गरज नाही. गळतंय ते चार पावसाळे कोणी खारी टाकली नाही म्हणून. खारी माती बारीक असते, पाणी लागलं की फुगून भोकं स्वतःच बुजवते, पण वाऱ्यापावसानं ती वाहून जाते, म्हणून दरवर्षी टाकायची असते, ते काही छत खराब झाल्याचं लक्षण नाही. आधी वर जाऊन बघा किती राहिलीये आणि सरे कुजलेत का ते. एक सरा कुजला तर एक सरा बदला. रापीवाल्या दादांच्या भाषेत तोच तुमचा व्हॅम्प.

रापी_आरी

हां, हे बरोबर.

कान्हदेशी

मला एक कळत नाही, तुम्ही सगळे खान्देशातले, घर पारोळ्याचं, ठेकेदार इथला, गवंडी इथला, मग कोटेशन इंग्रजीत कशाला? नूतनीकरण हा एवढा चांगला शब्द आहे. दुरुस्ती आहे, डागडुजी आहे, जीर्णोद्धार आहे. ते सोडून मोज्याचे तुकडे शोधत बसलात.

शब्दांची_पोतडी

कान्हदेशी दादा, राग मान्य आहे. पण जरा गंमत सांगू का. तुम्ही ज्याला आपलं म्हणताय त्यातलं दुरुस्ती फारसीचं आहे, दुरुस्त म्हणजे बरोबर, ठीक. आणि ज्याला परकं म्हणताय ते रिनोव्हेशन लॅटिन नोव्हुसवरून, नोव्हुस म्हणजे नवा, आणि तो आपल्या नवचाच भाऊ. पारशांच्या नवरोजमधला नव पण तोच. नवरी, नवरा हे शब्द नववधू, नववर यातलेच, म्हणजे रिनोव्हेशन आणि नवरी एकाच मुळाच्या. लग्नघरात दोन्हीचा खर्च एकदम निघतो ते उगाच नाही.

नूतनीकरण शब्दाला माझी हरकत एकच आहे, सरकारी कचेऱ्यांनी तो वापरून वापरून टाकलाय. परवान्याचं नूतनीकरण, पासचं नूतनीकरण. मी घरी म्हटलं घराचं नूतनीकरण करायचंय तर आमचे हे म्हणाले, का, मुदत संपली का? आणि जीर्णोद्धार देवळाचा होतो, न्हाणीचा कसा होईल. न्हाणीचा जीर्णोद्धार म्हटलं तर आधी नारळ फोडावा लागेल.

कान्हदेशी

😄 बरं ताई. पण मग घराला आपल्याकडे म्हणायचं काय?

पारोळ्याचा_पाहुणा

मधेच घुसतो. या धाग्याच्या नादात मुलानं एक विचारलं. त्यानं गेल्या महिन्यात रिफर्बिश्ड मोबाइल घेतला ऑनलाइन, तो म्हणतो पप्पा मग हे रिफर्बिश काय आहे, हे पण बुटाचंच का? मी म्हटलं थांब, ताईंना विचारतो.

शब्दांची_पोतडी

नाही हो, हे तलवारीचं! मुलाला शाबासकी सांगा, हा रिव्हॅम्पपेक्षा देखणा शब्द आहे.

फर्बिश म्हणजे घासूनपुसून चकचकीत करणं, विशेषतः गंजलेलं शस्त्र, चिलखत. फ्रेंचमधून आला पण फ्रेंचांनी तो जर्मन टोळ्यांकडून घेतलेला. १६११ च्या इंग्रजी बायबलात तलवारीला धार लावून ती फर्बिश केल्याचं येतं. त्याच सुमारास पुढे रि लागून रिफर्बिश झाला. आणि हे काम करणारा तो फर्बिशर, त्याचं पुढे आडनाव झालं फ्रोबिशर. मार्टिन फ्रोबिशर नावाचा इंग्रज दर्यावर्दी १५७६ मध्ये उत्तरेकडून चीनकडे जायची वाट शोधायला निघाला होता, वाट मिळाली नाही पण कॅनडाच्या एका उपसागराला त्याचं नाव मिळालं. म्हणजे याचे कोणीतरी पूर्वज तलवारी घासत असणार.

आता सांगा, मराठीत हे आडनाव कोणतं? शिकलगार! सैकल म्हणजे अरबीत झिलई, सैकलगर म्हणजे शस्त्रांना झिलई देणारा, त्याचं शिकलगार झालं. सैन्यं गेली, तलवारी गेल्या, मग ही मंडळी चाकू-कात्र्यांना धार लावत गावोगाव फिरायला लागली. इकडे फ्रोबिशर, तिकडे शिकलगार, दोघांनी एकमेकांचं नाव ऐकलेलं नसणार आणि काम अगदी एक. वर्गात मी हे सांगायचे तेव्हा एक शिकलगार आडनावाचा मुलगा मागच्या बाकावर ताठ बसायचा.

तर तुमच्या मुलाचा मोबाइल म्हणजे घासून धार लावलेली जुनी तलवार आहे.

पारोळ्याचा_पाहुणा

त्याची बॅटरी बघता तलवार म्हणवत नाही ताई, पण सांगतो त्याला.

भुसावळ_जंक्शन

आमच्या रेल्वेचा एक शब्द राहिला, ओव्हरहॉल. भुसावळला इलेक्ट्रिक इंजिनांचं वर्कशॉप आहे, तिथं इंजिन पीओएचला येतं, म्हणजे ठरलेल्या मुदतीचा ओव्हरहॉल. वडील तिथंच होते, मी पण अप्रेंटिस केली. इंजिन आलं की बॉडी उचलून बाजूला, चाकं-मोटरी वेगळ्या, एकेक भाग सुटा होतो, तपासतात, चांगला असेल तर साफ करून परत, नसेल तर नवीन. बाहेर पडताना इंजिनाचा नंबर तोच. आमच्याकडे कोणी त्याला नवीन इंजिन म्हणत नाही आणि दुरुस्त केलं असंही म्हणत नाहीत, कारण बिघडलेलं नसतं, मुदत भरली म्हणून येतं.

शब्द जहाजावरचा आहे असं आमच्या इन्स्ट्रक्टरनं सांगितलं होतं. हॉल म्हणजे ओढणं. कप्पीतला दोर सैल करायला तो उलट्या बाजूनं ओढून घ्यायचे, आणि ओढताना दोर सगळा हाताखालून जायचा त्यामुळे कुठं झिजलाय, कुठं तुटायला आलाय ते कळायचं, त्यावरून बारकाईनं तपासणं आणि मग खोलून नीट करणं.

पाहुणे तुमच्या धाब्यावर दरसाल खारी पडायची ना, तो पीओएचच होता. मुदतीचा. तुम्ही चार वर्षं इंजिन वर्कशॉपला पाठवलं नाही.

पारोळ्याचा_पाहुणा

लागलं जंक्शनभाऊ. पण खरं आहे.

तापीकाठ

कोणी काढलं नाही म्हणून, यात एक रिस्टोर पण आहे आणि त्याची गोष्ट आपल्या शेजारीच आहे. अजिंठा. जळगावहून तासा-दीड तासावर, पण तेव्हा हद्द निजामाची. १९२० च्या सुमारास निजामानं चित्रं वाचवायला इटलीहून तज्ज्ञ आणले, चेक्कोनी आणि ओर्सिनी. त्यांनी सुटत आलेला गिलावा पक्का केला, ते काम चांगलं झालं, पण चित्रांवर शेलॅकचं, म्हणजे लाखेचं, व्हार्निश दिलं. तेव्हा रंग झळाळले असतील. पुढे तेच व्हार्निश पिवळं पडलं, तडकलं, आणि पुरातत्त्व खात्याच्या लोकांना नंतर किती वर्षं ते थोडं थोडं करून उतरवत बसावं लागलं. हे सगळं चांगल्या मनानं केलेलं.

आपल्याकडच्या हेमाडपंती देवळांना ऑइलपेंट फासतात तेही चांगल्या मनानंच. आणि फलकावर लिहितात जीर्णोद्धार. इंजिनिअर भाऊ मातीच्या भिंतीला सिमेंट लावू नका म्हणतात तेव्हा मला अजिंठाच आठवतो.

अडाणी_इंजिनिअर

मी अडाणी आहे म्हणून म्हणतो, पण हो, तेच.

पारोळ्याचा_पाहुणा

मंडळी अपडेट देतो, कारण दोघातिघांनी मेसेजमध्ये विचारलं.

रविवारी गावी गेलो. शिडी लावून वर चढलो, माझं वजन आणि शिडीचं वय बघता आईनं खालून कानबाईला हाक मारली. खारी देवघरावर जवळजवळ संपलेली, पाला उघडा पडलाय. खाली सुताराला दाखवलं, त्यानं खिळा टोचून टोचून सगळे सरे बघितले, दोन कुजलेत, बाकी सगळे टणक, तो म्हणे असं सागवान आता आणायचं म्हटलं तर तुमचं शेत विकावं लागेल.

मग ठेकेदाराला फोन लावला. म्हटलं भाऊ हे कम्प्लीट रिव्हॅम्प लिहिलंय त्यात धाबं राहणार की जाणार? तो म्हणतो कोणतं रिव्हॅम्प? मी वाचून दाखवलं. तर म्हणे, अहो ते कोटेशन माझा भाचा बनवतो, त्याच्याकडे कॉम्प्युटरवर एक तयार नमुना आहे, त्यात नाशिकच्या कुठल्यातरी फ्लॅटचं होतं, आकडे फक्त बदलले. मी म्हटलं आणि आकडे कशावरून बदलले? तर थोडा वेळ काही बोललाच नाही.

तो माणूस वाईट नाही हो, संध्याकाळी स्वतः मोटरसायकलवर आला, ओट्यावर बसला, आईनं शेवभाजी-भाकर वाढली. जेवल्यावर मी वहीचं पान फाडलं आणि इंजिनिअर भाऊंनी सांगितलं तसं लिहून काढलं, मराठीत, कान्हदेशी दादा खूश व्हा. दोन सरे बदलणे. किलचन लागेल तेवढं. पाला आणि खारी पूर्ण नवी. भिंतींना मातीचा गिलावा, वरून चुना. न्हाणी नवीन, तिथं सिमेंट चालेल. मलबा ठेकेदार उचलेल. दोघांनी खाली सह्या केल्या. सगळं मिळून २ लाख ३५ हजार. ॲडव्हान्स मात्र चाळीस टक्केच मागतोय, त्यावर हलत नाही. ड सकट.

धाकट्याला फोटो पाठवला पानाचा. तो म्हणतो दादा वर हेडिंग नाहीये, या कामाला म्हणायचं काय? मी आईकडे बघितलं. ती भांडी घासत होती, न बघताच म्हणाली, “रोटना आधी घर उजाळी ल्या, बस.”

शब्दांची_पोतडी

उजळणं! अहो सराफाकडे दागिने उजळायला टाकतो आपण, जळगावात राहून मला कसं सुचलं नाही. फर्बिशला मी बत्तीस वर्षं मराठी शब्द शोधत होते. आईंना नमस्कार सांगा.

कान्हदेशी

घ्या. हेडिंग मिळालं.

मेहरूणची_बोरं

पाहुणे, रोटाला बाहेरच्यांना बोलावत नाहीत माहितीये, पण दुसऱ्या दिवशी धाबं बघायला आलं तर चालेल का

पारोळ्याचा_पाहुणा

या की. शिडी धरायला माणूस पाहिजेच आहे.